पुलगावची दोन मिनिटे

वर्ध्याहून मुंबईकडे निघालेली गाडी दहेगाव, कवठा करत पुलगावला येते. पुढे वर्धा नदीचा पूल आणि पलीकडे अमरावती जिल्ह्यातले तळणी. पुलगाव म्हटले की लोकांना दारूगोळ्याचे कोठार आठवते. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात हे नाव आले ते वेगळ्याच कारणाने.

२२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या. खग्रास सूर्यग्रहणाची सावली विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढली आणि ईशान्येकडे सरकत वऱ्हाडातून वर्धा जिल्ह्यात आली. ती टिपायला विजयदुर्गावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर होते. सोलापूर जिल्ह्यात जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला होते. तळणीत ब्रिटिश खगोल संघटनेचे पथक होते, तर पुलगावला कॅप्टन हिल्स आणि केंब्रिजचे ह्यू न्यूअल यांनी तळ टाकला होता. हिवाळ्यातले कोरडे, निरभ्र आकाश आणि दाराशी रेल्वे! काचेची जड यंत्रे आणायला यापेक्षा सोयीची जागा कोणती?

एरवी दुर्बिणीचे पहिले काम प्रकाश गोळा करण्याचे. भिंगाचा व्यास दुप्पट केला की प्रकाश चौपट मिळतो, म्हणून मोठ्या दुर्बिणीचा हव्यास. सूर्याच्या बाबतीत अडचण उलटी आहे. त्याचे प्रभामंडल (कोरोना), म्हणजे बिंबाभोवतीचे बाहेरचे वातावरण, बिंबाच्या दहा लाखांश इतकेच तेजस्वी असते आणि दिवसाच्या निळ्या उजेडात बुडून जाते. चंद्राने बिंब झाकले, तरच ते दिसते. तेही त्या दिवशी जेमतेम दोन मिनिटे.

एवढ्याशा वेळात जड नळी सूर्यामागे फिरवत बसणे परवडत नाही. म्हणून अशा मोहिमांत घड्याळयंत्रावर फिरणारा आरसा सूर्यप्रकाश एकाच दिशेला पाठवत राहतो आणि दुर्बीण जमिनीवर आडवी, स्थिर असते. पुढे बारीक फट, तिच्यामागे लोलक, शेवटी छायाचित्राची काच. लोलकातून प्रकाश रंगांत पसरतो आणि त्यातल्या रेषा मूलद्रव्यांची नावे सांगतात. माझ्या मते खगोलशास्त्राला खरी वाचा फुटली ती या लोलकामुळे. त्याच्याविना दुर्बीण फक्त दाखवते.

प्रभामंडलाच्या वर्णपटातली एक हिरवी रेषा १८६९ पासून कोडे घालत होती. ती 'कोरोनियम' नावाच्या अज्ञात द्रव्याची, असा समज होता. १९४० च्या सुमारास उलगडा झाला : ते साधे लोखंड, पण सुमारे दहा लाख अंश तापलेले, तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले.

तळणीत अ‍ॅनी माँडर यांनी अवघ्या दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्याने प्रभामंडलाचा एक झोत टिपला. लांबी सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे चौदा पट! लहान भिंगाने मोठे क्षेत्र एकदम टिपले, म्हणूनच तो हाती लागला. त्याच पथकातले जॉन एव्हरशेड पुढे १९०७ मध्ये कोडाईकनालच्या वेधशाळेत आले. नायगमवालांची पुण्याची वीस इंची दुर्बीणही १९१२ मध्ये तिथेच गेली. त्या वेधशाळेचा वारसा सांगणाऱ्या बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने सूर्याचा अभ्यास करणाऱ्या 'आदित्य-एल१' या यानावरचे प्रभामंडल पाहणारे मुख्य उपकरण बनवले. तिथे चंद्राची वाट पाहावी लागत नाही. सूर्यबिंबाचा प्रकाश उपकरणातच अडवला जातो.

पुलगाव-धामणगावच्या शिक्षकांना एवढेच सांगणे : येत्या २२ जानेवारीला शाळेची लहानशी दुर्बीण मैदानात न्या, सूर्याचे बिंब पांढऱ्या कागदावर पाडून मुलांना त्यावरचे डाग दाखवा आणि ही गोष्ट सांगा. दुर्बिणीतून थेट सूर्याकडे मात्र कोणालाही पाहू देऊ नका.