आभाळातल्या घरात मेथी रुजते तेव्हा

मेथी रुजवायला आपल्याला काय लागते? ओलसर जमीन, मूठभर बी आणि दोन-चार दिवसांचा धीर. पण जमिनीपासून सुमारे 400 किलोमीटर उंचीवर, जिथे वर आणि खाली हा भेदच उरत नाही, तिथे मेथीच्या कोंबाने कोणीकडे जावे? मूळ कोणत्या दिशेने धरावे? 2025 साली हा प्रश्न आपल्या देशातल्या शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष मांडला. शेतकरी कुटुंबांनी ती हकीकत समजून घ्यावी, म्हणून हा लेख.

25 जून 2025 रोजी हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला अमेरिकेतील फ्लोरिडाहून अवकाशात गेले आणि दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात दाखल झाले. या स्थानकात पाऊल ठेवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या आधी 1984 साली राकेश शर्मा यांनी सोव्हिएत संघाच्या 'सॅल्यूत-7' या स्थानकात सुमारे आठवडाभर मुक्काम केला होता, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

तिथला दिवस कसा जातो?

हे स्थानक म्हणजे आभाळात फिरणारे मोठे घरच. लांबी सुमारे 109 मीटर. नोव्हेंबर 2000 पासून ते एक दिवसही रिकामे राहिलेले नाही. ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेगाने ते दीड तासात पृथ्वीची एक फेरी पुरी करते. त्यामुळे तिथल्या माणसांना दिवसाकाठी 16 वेळा सूर्योदय दिसतो. कोंबडा आरवण्याची सोय नाही. घड्याळ पाहूनच उठायचे आणि घड्याळ पाहूनच निजायचे.

तिथे पृथ्वीची ओढ नाही असे पुष्कळ जण समजतात. ती आहे. पण स्थानक आणि आतली माणसे मिळून सारखी पृथ्वीकडे पडतच असतात आणि पुढे जाण्याच्या वेगामुळे जमिनीवर आदळत मात्र नाहीत. म्हणून सारे काही तरंगते. झोपायची पिशवी भिंतीला बांधून ठेवावी लागते. पायांना भार नसल्याने हाडे व स्नायू दुबळे होतात, म्हणून रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. शुक्लांनी सोबत गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस नेला होता आणि तो त्यांनी सोबत्यांनाही वाटला. माणूस कुठेही गेला तरी घासातला घास देण्याची रीत सुटत नाही!

थेंबाचा हिशेब

आपण सर्वांत जास्त शिकावे ते पाण्याबद्दल. तिथे विहीर नाही, पाऊस नाही. घाम, श्वासातून येणारी वाफ, इतकेच काय लघवीसुद्धा गोळा करून शुद्ध केली जाते आणि पुन्हा पिण्यासाठी वापरली जाते. 2023 साली या यंत्रणेने 98 टक्के पाणी परत मिळवण्याचा पल्ला गाठला. म्हणजे 100 लिटरमधले वाया जाते ते फक्त 2 लिटर. आपल्या पाटाने दिलेल्या पाण्यातले मुळापर्यंत किती पोचते, याचा प्रत्येकाने मनाशी विचार करावा.

मूग, मेथी आणि पालक

शुक्लांनी मूग आणि मेथीचे बी उथळ बशीत भिजवून रुजवले. कोंबांची छायाचित्रे घेतली आणि ते शीतपेटीत ठेवून परत आणले. धारवाडच्या कृषी विद्यापीठातील व तेथील आय.आय.टी.तील शास्त्रज्ञांचा हा प्रयोग. परत आल्यावर त्या वाणाच्या काही पिढ्या वाढवून पोषणमूल्य व गुणधर्म बदलतात काय, हे पाहायचे, अशी योजना. केरळच्या शास्त्रज्ञांनी भात, तीळ, चवळी, वांगी आणि टोमॅटो यांचे बी पाठवले होते.

महाराष्ट्रही यात मागे नाही. 30 डिसेंबर 2024 रोजी 'इस्रो'च्या अग्निबाणाबरोबर पनवेलजवळच्या अमिटी विद्यापीठाने पालकाच्या पेशींचा प्रयोग अवकाशात पाठवला. त्याच उड्डाणात 'इस्रो'ने चवळीचे आठ दाणे बंद पेटीत ठेवले होते. ते चार दिवसांत रुजले. तिथे माणूस नव्हता. सारे काम यंत्राने केले.

अवकाशात खरी अडचण पाण्याची असते. ते खाली निथरत नाही, मुळांभोवती गोळा होऊन बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. पाणथळ वाफ्यात मेथी पिवळी पडते ना, तसेच. म्हणून स्थानकात भाजलेल्या मातीचे खडे आणि सावकाश विरघळणारे खत भरलेल्या छोट्या उशांमध्ये रोपे लावतात. वर दिव्यांचा लाल-निळा उजेड. अशा तऱ्हेने वाढवलेली सॅलडची पाने अंतराळवीरांनी 2015 साली खाल्ली.

याचा आपल्याला काय उपयोग?

हा प्रश्न रास्त आहे. आमच्या कामतघर-भिवंडीच्या बाजूला भातखाचरांच्या जागी यंत्रमाग आणि गोदामे उभी राहिली. पुष्कळ घरांकडे आता शेत नाही, उरले आहे ते अंगण नाहीतर गच्ची. थोडी जागा, थोडे पाणी आणि त्यातून घरच्यांच्या ताटात हिरवी भाजी. स्थानकातला प्रश्न आणि आपला प्रश्न यांत फार अंतर नाही. निचरा, मुळाशी हवा आणि मोजून पाणी ही तीन सूत्रे दोन्हीकडे सारखीच.

शास्त्रज्ञाने अवकाशात जे केले, त्याची पहिली पायरी आपल्या घरातही होते. पेरणीपूर्वी मेथीचे वा मुगाचे 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. गोणपाट सुकू देऊ नका. चार-पाच दिवसांनी कोंब मोजा. 80 पेक्षा कमी निघाले तर बी बदला किंवा बियाण्याचे प्रमाण वाढवा. हे काम मुलांकडे सोपवा आणि आकडे वहीत लिहायला सांगा.

आणि एखाद्या संध्याकाळी दिवेलागणीनंतर, किंवा पहाटे धारा काढायच्या वेळी, न लुकलुकणारा ठळक तारा पाच-सहा मिनिटांत आभाळ ओलांडताना दिसला, तर मुलांना जरूर दाखवा. त्या घरातही कोणीतरी आपल्यासारखेच कोंब मोजत बसलेले असेल.