शिक्षा परदेशात झाली, तर तुरुंग गावाजवळचा मिळतो का?

आखातात कामाला गेलेला मुलगा तिथल्या तुरुंगात अडकला, की गावाकडच्या घराला पहिला प्रश्न पडतो तो भेटीचा. हिंडलगा असो, कोलवाळ असो की कळंबा, एसटीने जाऊन मुलाखत तरी घेता येते. रियाध किंवा दुबईला आईवडील कसे जाणार? पासपोर्ट नाही, तिकिटाचे पैसे नाहीत. कधीतरी येणाऱ्या फोनवर वर्षे काढायची.

परदेशातल्या तुरुंगांत 10 हजारांहून जास्त भारतीय आहेत, असे केंद्र सरकारने 2025 मध्ये संसदेत सांगितले. त्यांत कच्चे कैदीही धरलेले आहेत. सर्वांत मोठी संख्या सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीत आहे. यांतल्या शिक्षा झालेल्या कैद्याला उरलेली शिक्षा भारतात भोगता येईल, अशी सोय कायद्यात आहे. पण बऱ्याच घरांपर्यंत ही माहिती पोचतच नाही.

कायदा कोणता?

भारताने 2003 मध्ये कैदी प्रत्यावर्तन कायदा केला आणि तो 1 जानेवारी 2004 पासून लागू झाला. पण नुसता कायदा पुरत नाही, समोरच्या देशाशी करारही लागतो. ब्रिटनशी 2005 मध्ये, सौदी अरेबियाशी 2010 मध्ये आणि अमिरातीशी 2011 मध्ये असा करार झाला. कतार, कुवेत, इराण, श्रीलंका, मॉरिशस, बांगलादेश हेही यादीत आहेत. शिवाय युरोप परिषदेचा 1983 चा एक सामाईक करार आहे. भारत त्यात 2018 मध्ये सामील झाला. अमेरिका, कॅनडा, जपान असे युरोपबाहेरचे देशही त्यात असल्याने प्रत्येकाशी वेगळा करार करण्याची गरज राहत नाही.

अटी काय आहेत?

• कैदी भारताचा नागरिक हवा.
• निकाल अंतिम झालेला हवा. अपील चालू असेल किंवा दुसरा खटला बाकी असेल तर थांबावे लागते.
• अर्जाच्या वेळी साधारण सहा महिने तरी शिक्षा उरलेली हवी.
• ज्या कृत्यासाठी शिक्षा झाली, ते भारतातही गुन्हा असले पाहिजे.
• फाशीची शिक्षा झालेल्यांना आणि निव्वळ लष्करी कायद्याखालच्या गुन्ह्यांना ही सोय नाही.
• दोन्ही सरकारांची आणि स्वतः कैद्याची संमती हवी.

पहिली अट गोव्यातल्या वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन लंडनला गेलेला गोंयकार कायद्याच्या भाषेत भारतीय नागरिक राहत नाही. तो तिथे तुरुंगात गेला, तर या कायद्याने त्याला म्हापशाजवळ आणता येणार नाही. त्याच्यासाठी आपला देश म्हणजे पोर्तुगाल.

परत आला म्हणजे सुटला का?

नाही. इथेच सर्वांत जास्त गैरसमज होतो. कैदी फक्त जागा बदलतो, शिक्षा तीच राहते. तिकडे भोगलेले दिवस वजा होतात. तिकडची शिक्षा भारतीय कायद्यात बसत नसेल, तर ती इथल्या कायद्याला जुळवून घेता येते, पण मूळ शिक्षेपेक्षा कडक करता येत नाही. निकाल चुकीचा आहे असे वाटले, तर त्याचा फेरविचार मात्र शिक्षा देणाऱ्या देशातच होतो. इथल्या कोर्टात तो खटला नव्याने चालत नाही.

मग इतके थोडे कैदी का परततात?

करारांची यादी लांब असली तरी परत आलेल्यांचा आकडा फार लहान आहे. पहिले कारण म्हणजे कच्चे कैदी यात बसतच नाहीत. दुसरे कारण कागदपत्रांचे. अर्ज तुरुंगातून वकिलातीत, तिथून दिल्लीत आणि दिल्लीहून राज्य सरकारकडे येतो. राज्याचे पोलीस गावात येऊन नागरिकत्व आणि पत्ता तपासतात, मग कुठल्या तुरुंगात ठेवायचे ते ठरते. यातला एक कागद अडला की सगळेच अडते, आणि तोवर उरलेली शिक्षा सरत जाते.

तिसरे कारण खुद्द कैद्याचे असते. अमिरातीत रमजान, ईद किंवा राष्ट्रीय दिनाला कैद्यांना माफी जाहीर होते. त्या यादीत आपले नाव येईल या आशेवर काही जण तिथेच थांबणे पसंत करतात. त्यांचा हिशेब चुकीचाच असतो असेही नाही.

पालघरच्या मच्छीमारांचे काय?

गुजरातच्या बोटींवर काम करणारे पालघरचे खलाशी कराचीच्या तुरुंगात पोचतात, त्यांना हा कायदा लागत नाही, कारण पाकिस्तानशी असा करारच नाही. तिथे 2008 चा वकिलाती भेटीचा करार चालतो. दोन्ही देश दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. यादीत नाव दिसले, की घरच्यांना निदान माणूस जिवंत असल्याचे कळते. अटकेतल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीशी बोलू देणे हे 1963 च्या व्हिएन्ना करारानेही बंधनकारक आहे. कुलभूषण जाधव प्रकरणात पाकिस्तानने याच कराराचा भंग केला, असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै 2019 मध्ये दिला.

आणि राज्याची सीमा ओलांडायची असेल तर?

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर 2015 मध्ये स्वीकारलेल्या 122 नेल्सन मंडेला नियमांत 59 वा नियम सांगतो, की कैद्याला शक्यतो त्याच्या घराजवळच्या तुरुंगात ठेवावे. हा नियम देशाच्या आतही तितकाच लागू पडतो. चंदगडचा कैदी गोव्यात किंवा खानापूरचा महाराष्ट्रात असू शकतो. तुरुंग हा राज्यांचा विषय असल्याने अशा बदलीसाठी 1950 चा कैदी बदली कायदा वापरावा लागतो. त्यात दोन्ही राज्य सरकारांची संमती लागते. कैद्याने अर्ज केला तर काय करायचे, यावर तो कायदा गप्प आहे. म्हणजे सौदीतून परतायचा रस्ता कायद्यात नीट आखलेला आहे, पण पणजीहून कोल्हापूरला यायचे तर सगळे दोन सरकारांच्या मर्जीवर.

तुरुंग बदलला तरी शिक्षामाफीचा अधिकार बदलत नाही, हेही ध्यानात ठेवावे. बिल्किस बानो प्रकरणातले दोषी गुजरातच्या तुरुंगात होते, पण खटला मुंबईत चालला होता. त्यामुळे माफीचा निर्णय महाराष्ट्रानेच घ्यायचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये सांगितले.

घरच्यांनी काय करावे?

सर्वांत आधी निकालाची प्रत आणि पासपोर्टची झेरॉक्स मिळवावी. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, आणि गरजू भारतीयांना वकिलाती कल्याण निधीतून कायदेशीर मदत देऊ शकतात. अर्जावर सही मात्र कैद्याचीच लागते. म्हणून पुढचा फोन येईल तेव्हा तीन गोष्टी त्याला विचाराव्यात: अपील संपले का, शिक्षा किती उरली, आणि परत यायची त्याची स्वतःची इच्छा आहे का. गावात पोलीस चौकशीला आले, तर घाबरून दार लावून घेऊ नये. मुलाचा परतीचा कागद त्याच चौकशीवर पुढे सरकतो.