घरातील उपकारस्तुती

मराठी पवित्र शास्त्राच्या वाचकाला 'उपकारस्तुती' हा शब्द परिचित आहे. कोणी काही दिले म्हणजे आपण आभार मानतो आणि तेथे व्यवहार संपतो. उपकारस्तुती मात्र तेथे संपत नाही. झालेला उपकार ओळखणे, तो आठवणे आणि उपकारकर्त्याचे नाव दुसऱ्यांसमोर घेणे, एवढे सर्व तिच्यात येते. मंदिरातील उपासनेत ती नियमाने होते. परंतु जेथे आपण रोज जेवतो, त्या घरात ती कशी व्हावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अमेरिकेतील उपकारस्तुतीच्या सणाचा आरंभ प्लिमथ येथील १६२१ च्या सुगीच्या भोजनापासून झाला, असे मानतात. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी १८६३ मध्ये तो राष्ट्रीय पातळीवर पाळण्याची घोषणा केली आणि १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार निश्चित झाला. इंग्लंडमध्ये १८४३ साली कॉर्नवॉलमधील मॉर्वेनस्टो येथे रॉबर्ट हॉकर या पाळकांनी कापणीच्या उपासनेला नवे रूप दिले, आणि तेथील मंडळ्यांतून ती पद्धत सर्वत्र पसरली. आपल्या मंडळ्यांतही कापणीच्या सणाला धान्य, फळे व भाज्या वेदीपुढे आणतात आणि पुष्कळ ठिकाणी उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. ही प्रथा चांगलीच आहे. मात्र तिची मुळे या दोन्ही देशांहून फार जुनी, इस्राएलाच्या शेतात आहेत.

टोपली आणि कथन

अनुवाद २६:१-११ मध्ये शेतकरी प्रथमफळांची टोपली घेऊन येतो. तो केवळ टोपली ठेवून परत जात नाही; आपल्या पूर्वजांची भटकंती, मिसरातील दास्य आणि देवाने केलेली सुटका तो मोठ्याने सांगतो. त्यानंतरच्या आनंदात लेवी आणि परदेशीय यांनाही वाटा आहे. दान, कथन आणि सहभोजन या तीन गोष्टी येथे एकत्र आल्या आहेत. घरगुती उपकारस्तुतीलाही याहून अधिक काही लागत नाही.

बऱ्हाणपूर परिसरातील कुटुंबाने यासाठी नोव्हेंबरचा गुरुवार पाहण्याचे कारण नाही. सोयाबीन घरात आले, कापसाची पहिली वेचणी झाली, ज्वारीची कणसे भरली, की एखाद्या रविवारची संध्याकाळ ठरवावी. केळी बारमाही, तिच्या बागाइतदाराने पहिला घड उतरल्याचा दिवस निवडावा. ज्यांचे पोट यंत्रमागावर किंवा पगारावर चालते त्यांनी मजुरी हाती आल्यानंतरचा दिवस घ्यावा. टोपलीत कणीस, बोंड, केळे, सुताची कांडी, शाळेची वही, असे जे त्या घराचे असेल ते ठेवावे. घरातील वडीलधाऱ्यांनी कुटुंबाची हकीकत सांगावी: आपण येथे कोठून आलो, पहिला विश्वासी कोण, कोणत्या आजारातून कोण वाचले. मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. स्तोत्रसंहिता १३६ मध्ये प्रत्येक वचनाच्या शेवटी येणारे पालुपद लहान मुलेही सहज म्हणू शकतात. पहिला भाग एकाने वाचावा व पालुपद सर्वांनी म्हणावे.

आपण न खणलेल्या विहिरी

अनुवाद ६:१०-१२ मध्ये देव आपल्या लोकांना बजावतो की, तुम्ही न खणलेल्या विहिरींचे पाणी प्याल तेव्हा मला विसरू नका. बऱ्हाणपूरकराला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मोगल काळात, अब्दुर्रहीम खानखाना यांच्या अमलात, १६१५ च्या सुमारास बांधलेल्या कुंडी भंडाऱ्यात सातपुड्यातून झिरपणारे पाणी भूमिगत भुयारांतून केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणले गेले. ज्यांनी ती भुयारे खोदली त्या मजुरांची नावे आपल्याला कोठे वाचावयास मिळतात?

म्हणून टोपलीभोवती बसल्यावर प्रत्येकाने अशा एका माणसाचे नाव घ्यावे, ज्याच्या श्रमावाचून आजचे ताट भरले नसते: कापूस वेचणारी बाई, घड वाहणारा हमाल, विहिरीवर मोटार दुरुस्त करणारा कारागीर. देवाची स्तुती करून माणसाचे ऋण बुडविता येत नाही. त्यांच्यापैकी कोणाची मजुरी थकली असेल, तर ती भोजनापूर्वी द्यावी. याकोब ५:४ प्रमाणे अडवून ठेवलेल्या मजुरीची हाक देवापर्यंत पोहोचते.

लेवीय १९:९-१० मधील सरव्याचा नियमही घरात आणता येतो. स्वयंपाकाला पीठ घेण्यापूर्वी मूठभर धान्य वेगळ्या डब्यात टाकावे. मिझोरममधील मंडळ्यांत घरोघरच्या स्त्रिया अशीच तांदळाची मूठ काढून ठेवतात आणि तेथील सेवाकार्याला त्या मुठींचा मोठा आधार आहे. सणाच्या दिवशी तो डबा गरजू घरी पोहोचवावा आणि एका एकट्या शेजाऱ्याला, तो कोणत्याही धर्माचा असो, पंगतीला बोलवावे. भाकरी, भरीत आणि थोडे गोड पुरे. कर्ज काढून केलेल्या मेजवानीत उपकारस्तुती गुदमरते.

पीक गेले असता

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. उन्हाळ्याच्या अखेरीच्या वादळाने उभी केळीची बाग एका रात्रीत आडवी झाली, किंवा घरातील कर्ता माणूस गेला, तर त्या वर्षी टोपलीत काय ठेवावे? १ थेस्सलनीकाकरांस ५:१८ मध्ये प्रेषित पौल सर्व स्थितीत उपकारस्तुती करावयास सांगतो. प्रत्येक स्थिती*बद्दल* असे तो तेथे म्हणत नाही. मृत्यू, अन्याय आणि कर्ज यांना चांगले म्हणण्याची सक्ती देवाने कोणावर केलेली नाही. अंजिराला फूल नाही आणि गोठ्यात जनावर नाही, हे हबक्कूक (३:१७-१८) आधी स्पष्ट सांगतो आणि मगच देवाच्या ठायी आनंद करतो. प्लिमथच्या त्या भोजनाआधीच्या हिवाळ्यातही वसाहतीतील सुमारे निम्मी माणसे मरण पावली होती.

सर्वांत मोठा दाखला प्रभूचा आहे. ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले त्याच रात्री त्याने भाकर घेतली व उपकारस्तुती केली (१ करिंथकरांस ११:२३-२४). या ग्रीक शब्दावरूनच प्रभुभोजनाला 'युखारिस्तिया' हे प्राचीन नाव मिळाले. ख्रिस्ती उपकारस्तुतीचा उगम भरलेल्या कोठारात नसून त्या मोडलेल्या भाकरीत आहे.

म्हणून नुकसानीच्या वर्षी टोपली रिकामी ठेवावी, पण ठेवावी. काय गेले ते नाव घेऊन सांगावे, थोडा वेळ सर्वांनी स्तब्ध राहावे, विलापाचे तेरावे स्तोत्र वाचावे. त्या घराला वाक्य पुरे करता आले नाही, तर ते शेजारच्या विश्वासी कुटुंबाने पुरे करावे आणि आपल्या टोपलीतील काही त्या टोपलीत ठेवावे. मंडळी म्हणजे काय, हे त्या मुलांना एखाद्या प्रवचनापेक्षा त्या संध्याकाळी अधिक कळेल.