रंगभूमीवरून पडद्यावर

ज्या नाटकाचा शेवट दुःखात होतो, त्याला शोकांतिका म्हणतात, हे तुम्हांस ठाऊक असेल. परंतु शेवटी कोणी मरण पावले, एवढ्यानेच शोकांतिका होत नाही. एखादा थोर मनुष्य स्वतःच्याच दोषाने संकट ओढवून घेतो, आणि आपली चूक त्याला उमगते तेव्हा ती सुधारण्याची वेळ टळून गेलेली असते. हे शोकांतिकेचे मर्म होय. अशी नाटके शतकानुशतके रंगभूमीवर होत आली. विसाव्या शतकात चित्रपटकला बहरली आणि त्याच कथा पडद्यावर येऊ लागल्या. नाटकाचा चित्रपट होताना काय बदलते आणि काय टिकते, हे आपण एका उदाहरणाने पाहू.

शेक्सपिअर या इंग्रज नाटककाराने सुमारे १६०६ साली 'किंग लिअर' हे नाटक लिहिले. लिअर हा प्राचीन ब्रिटनचा ऐंशी वर्षे उलटलेला राजा. राज्यभारातून मोकळे व्हावे म्हणून तो राज्याची वाटणी करावयास निघतो आणि तिन्ही मुलींना विचारतो, "माझ्यावर सर्वांत अधिक प्रेम कोणाचे?" थोरल्या दोघी गोड शब्दांची खैरात करतात. धाकटी कॉर्डेलिया खुशामत करीत नाही. राजा संतापतो आणि तिला काहीही न देता दूर लोटतो. पुढे थोरल्या मुलींचीच दारे त्याला बंद होतात, आणि भर वादळात तो उघड्या माळावर येतो.

त्या काळी लंडनमधील पुष्कळ नाटकगृहे वरून उघडी असत आणि प्रयोग दुपारी, लख्ख उजेडात होत. मग रात्रीचे वादळ आणावयाचे कोठून? आडून गडगडाट करता येई. पण खरे वादळ उभे राही ते लिअरच्या मुखातील शब्दांनी. नाटक हे प्रामुख्याने कानांनी अनुभवावयाचे असे.

चित्रपटाचे साधन निराळे आहे. कॅमेरा डोंगर, आग, पाऊस प्रत्यक्ष दाखवू शकतो. डोळ्यांना दिसते तेच पात्राने पुन्हा बोलून दाखविले, तर ऐकणारा कंटाळतो. म्हणून जाणता दिग्दर्शक शब्दांच्या जागी दृश्य शोधतो. अकिरा कुरोसावा या जपानी दिग्दर्शकांनी वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, १९८५ मध्ये, 'लिअर'वरून 'रान' हा चित्रपट पूर्ण केला. या जपानी शब्दाचा आपल्या रानाशी संबंध नाही; त्याचा अर्थ अंदाधुंदी असा आहे.

कुरोसावांनी ही कथा जुन्या काळच्या, लढायांनी गांजलेल्या जपानात नेली. लिअरच्या जागी हिदेतोरा हा सत्तर वर्षांचा सरदार आला, आणि मुलींच्या जागी तीन मुलगे आले. मोरी मोतोनारी या सरदाराची एक आख्यायिका जपानात प्रसिद्ध आहे. एक बाण सहज मोडतो, तीन एकत्र धरले तर मोडत नाहीत, असे दाखवून त्याने मुलग्यांस एकीचा धडा दिला. चित्रपटातील हिदेतोरा हाच धडा देऊ पाहतो. पण धाकटा साबुरो ती जुडी गुडघ्यावर आपटून मोडून टाकतो! घराचे पुढे काय होणार, हे त्या मोडक्या बाणांनीच सांगितले. खरे बोलल्याबद्दल साबुरोला घराबाहेर काढले जाते.

पुढे थोरल्या दोघांच्या फौजा, बाप ज्या किल्ल्यात राहतो, त्यावरच चालून येतात. या प्रसंगी कुरोसावांनी एक विलक्षण गोष्ट केली. तलवारींचा खणखणाट, घोड्यांच्या टापा, जखमींच्या किंकाळ्या, हे सारे आवाज त्यांनी काढून टाकले. ऐकू येते ते केवळ शोकाकुल संगीत. बंदुकीच्या एका बाराने ते एकाएकी थांबते. मग जळत्या किल्ल्याच्या पायऱ्या उतरत हिदेतोरा बाहेर येतो. त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला आहे. सैनिकही बाजूला सरून त्याला वाट देतात. तो एक शब्दही बोलत नाही. लिअरने वादळाला ओरडून जे सांगितले, ते येथे मौनातून कळते. हा किल्ला चित्रपटासाठी मुद्दाम बांधून खरोखरच जाळण्यात आला. त्यामुळे चूक झाली असती, तर ते दृश्य पुन्हा घेता आले नसते.

आणखी एक बदल याहून खोल आहे. वादळात हिदेतोरा ज्या झोपडीत आसरा घेतो, तेथे एक अंध तरुण राहत असतो. त्याचे डोळे पूर्वी हिदेतोराच्याच आज्ञेने काढलेले असतात! शेवटी साबुरो पित्याला क्षमा करतो. परंतु बापलेकांची भेट होते न होते तोच त्याला गोळी लागते, आणि त्या दुःखाने हिदेतोराही प्राण सोडतो. कॉर्डेलियाचा मृतदेह हाती घेतलेला लिअर असाच मरतो.

'लिअर'शी नाते सांगणारी शोकांतिका मराठीतही आहे. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० मध्ये रंगभूमीवर आले. त्यात राजा नाही. निवृत्त नट गणपतराव बेलवलकर आहेत. सर्वस्व मुलांना वाटून दिल्यावर ते आपल्याच माणसांत परके होतात. २०१६ मध्ये या नाटकाचा चित्रपट निघाला. येथे नायकच नट. त्याचे जगणेच शब्दांचे. म्हणून या चित्रपटाने त्याची भाषणे मात्र सोडली नाहीत.

तुमच्यापैकी कोणी विचारील, "इतके बदलल्यावर मूळ नाटक उरले कोठे?" प्रश्न रास्त आहे. देश बदलला, वेष बदलला, मुलींचे मुलगे झाले. तरी गोड बोलणाऱ्यावर विश्वास ठेवून खरे बोलणाऱ्याला दूर लोटण्याची चूक तशीच राहिली. ती काढून टाकली असती, तर नावे आणि संवाद जसेच्या तसे ठेवूनही शोकांतिका उरली नसती. म्हणून नाटकावरून केलेला चित्रपट पाहाल, तेव्हा किती बदलले, हे मोजत बसू नका. जे दुःख नाटकाने कानांपर्यंत पोहोचविले, ते डोळ्यांवाटे तुमच्या अंतःकरणापर्यंत पोहोचले की नाही, एवढे पाहा.