देव एकीकडे, पाळणा दुसरीकडे

मे महिन्याची सुट्टी आमच्याकडे दोनदा होते. एकदा एप्रिलमध्ये कागदावर, आणि मग मे महिन्यात प्रत्यक्षात. कागदावरची सुट्टी नेहमीच जास्त सुखाची. तिच्यात कुणाला गाडी लागत नाही, कुणाची औषधाची डबी घरी राहत नाही, आणि हॉटेलातली खोली फोटोत होती तेवढीच मोठी निघते. यंदा मात्र कागदावरच्या सुट्टीनेच आम्हाला घाम फोडला.

माझं सासर साताऱ्याचं आणि माहेर सांगलीचं. साताऱ्याची आम्ही पाच माणसं आणि सांगलीची दादा, वहिनी, आई आणि भाची अशी चार. एकूण नऊ. दोन्ही घरांनी एकत्र जायचं असं दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी कुणाचं तरी लग्न, कुणाचं तरी आजारपण मध्ये येतं. यंदा ते पुढे ढकलता येण्यासारखं नव्हतं. थोरला दहावीत जाणार. दहावीचे क्लास मे महिन्यातच सुरू होतात, त्यांनी मोठ्या मनाने आठवडाभर सूट दिलेली. आणि सासूबाईंचे गुडघे. पावसाळा संपला की ऑपरेशन, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. एक गुडघा आधी, दुसरा नंतर. म्हणजे आता नाही तर पुढची दोन-तीन वर्षं तरी नऊ माणसं एका गाडीत बसायची नाहीत, हे सगळ्यांना कळत होतं. बोलत मात्र कुणी नव्हतं.

जायचं कुठे? मुलांचं उत्तर तयार होतं : खोपोलीची इमॅजिका. सासूबाईंचंही तयार होतं : शिर्डी. आईचं म्हणणं, विहीणबाई जातील तिथे मी. (आईला विहीणबाईंना दुखवायचंही नसतं आणि त्यांच्या मागे राहायचंही नसतं.) महाबळेश्वरचं नाव वहिनीने एकदा काढून पाहिलं. पण साताऱ्याच्या माणसाला महाबळेश्वर ही पाहुण्यांना दाखवायची जागा वाटते, स्वतः जायची नाही. तिथल्या प्रत्येक पॉइंटवर आम्ही कुणाच्या ना कुणाच्या मावसभावाला घेऊन गेलेलो आहोत.

तेव्हा दादाने तोडगा काढला. पाच दिवसांची सुट्टी, दोन्हीकडे वाटून घ्यायची. दोन रात्री खोपोली, दोन रात्री शिर्डी. भावाभावांत शेत वाटावं तसा बांध घातला आणि फोन ठेवला.

कागद माझ्याकडे आला. मी किलोमीटर मांडायला घेतले आणि वाटणीतलं शेत बरंचसं बांधाखालीच गेलं! सांगलीहून सातारा सव्वाशे किलोमीटर. साताऱ्याहून खंबाटकी, पुणे, एक्सप्रेस वे करत खोपोली आणखी पावणेदोनशेच्या पुढे. खोपोलीहून शिर्डी म्हणजे घाट चढून परत तळेगावला यायचं, चाकण, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर करत सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. शिर्डीहून साताऱ्याला परत यायचे तीनशे, सांगलीकरांना त्याहून जास्त. सांगलीकरांची बेरीज हजाराच्या जवळ गेली. पाच दिवसांतले तीन दिवस गाडीत आणि उरलेल्या दोन दिवसांत दोन गावं. सुट्टी दोन ठिकाणी वाटली की तिचे दोन भाग होतात असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती तीन भागांत वाटली जाते, आणि तिसरा भाग, म्हणजे मधला रस्ता, नेहमी थोरल्या भावासारखा जास्त वाटा घेऊन जातो.

बरं, हा मधला दिवस साधा नसतो. सकाळी खोली सोडायची, दुपारी दुसरी मिळायची. मधल्या वेळात नऊ माणसं आणि तेरा पिशव्या यांना छप्पर नाही. मे महिन्याचं संगमनेर-शिर्डीकडचं ऊन तुम्हाला माहीत आहेच. गुडघेवाल्या माणसाला दर दीड तासाने उतरून चार पावलं चालावं लागतं आणि तेही जिथे स्वच्छतागृह आहे अशा ठिकाणी. ड्रायव्हरला झोप लागते, म्हणजे मिळावी लागते. आदल्या रात्री तो गाडीतच झोपला असेल तर दुसऱ्या दिवशी घाटात आपण जागे राहण्यात अर्थ नाही. म्हणून त्याच्या कॉटचे पैसे मी खर्चात सर्वांत आधी लिहिले. दादा म्हणाला, “तो करेल त्याची सोय.” मी ती ओळ खोडली नाही.

हे सगळं मांडताना राहून राहून एकच विचार येत होता : ही वाटणी मुळात करायची वेळ का आली? सासूबाईंचं माहेर खटाव तालुक्यातलं. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा हा त्यांच्या लहानपणीचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस. रथावर नोटांच्या माळा चढायच्या, बैलांचा बाजार भरायचा, आणि त्याच मैदानात पलीकडे पाळणे. लाकडाचे, माणसांनी हाताने फिरवायचे. आमच्या सांगलीकडे खरसुंडीला तेच, कऱ्हाडजवळच्या पालीला खंडोबाच्या लग्नाला तेच. आजी देवाच्या रांगेत, आजोबा बैलांच्या दावणीला, पोरं पाळण्यात, आणि सगळे मिळून संध्याकाळी गोडीशेवेच्या दुकानापुढे. कुणाला कुणासाठी आपली हौस सोडावी लागत नव्हती, आणि मधलं अंतर होतं शंभर पावलं. त्या शंभर पावलांचे आता अडीचशे किलोमीटर झालेत.

पाळणा देवापासून सुटून स्वतःच्या पायावर उभा राहिला तो आपल्याकडे तसा अलीकडेच. दिल्लीचं अप्पू घर १९८४चं, गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९चं. आमच्या पिढीची शाळेची सहल म्हणजे सांगलीहून रात्रभर एस.टी. आणि पहाटे गोराईच्या खाडीतून लाँच. त्या लाँचचंच आम्हाला जास्त अप्रूप होतं. इमॅजिका सुरू झालं २०१३मध्ये, पाठोपाठ तिथलं वॉटर पार्क. आता पुणे-मुंबईच्याच नव्हे, कऱ्हाड-इस्लामपूरकडच्या सहलीही तिकडे वळतात. या सगळ्यांचं आजोळ म्हणजे कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड, १९५५चं. त्याची कल्पना कशी सुचली ते स्वतः वॉल्ट डिस्ने सांगत असत : मुली लाकडी घोड्यांवर फिरत होत्या आणि आपण बागेतल्या बाकावर नुसते बसून होतो, आईबापांनाही मुलांबरोबर मजा करता येईल अशी जागा का नसावी, असं तेव्हा मनात आलं. म्हणजे या सगळ्या झगमगाटाच्या मुळाशी बाकावर बसलेला एक कंटाळलेला बाप आहे. मला तर हे वाचून त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

आमचा प्रश्नही बाकाचाच होता. इमॅजिकात सासूबाईंनी दिवसभर करायचं काय? दादाच्या आणि ह्यांच्या मते त्यांना हॉटेलच्या खोलीत आराम. माझी आई त्यांच्या सोबतीला. आणि शिर्डीला थोरल्याने करायचं काय? तो म्हणाला, “दर्शन घेऊ ना. अर्धा तास. मग?” चौदाव्या वर्षी त्या “मग”ला तसं उत्तर नसतं.

पण इथेच एक गंमत सापडली. शिर्डीत देवळाशिवाय आता साई तीर्थ नावाचं भक्तीचं थीम पार्क आहे. गाडीत बसून देशातली देवळं पाहायची ‘तीर्थयात्रा’, द्वारकामाईतल्या बाबांचा हलता-बोलता देखावा, धाकटीला आवडेल असं खुर्च्या हलवणारं लंकादहन. शेजारी वॉटर पार्क. आणि ज्या संगमनेरच्या मालपाणी समूहाने हे उभं केलं, त्यांनीच २०२२मध्ये इमॅजिका घेतलं. म्हणजे खोपोलीचा आणि शिर्डीचा पाळणा आता एकाच घरचा! संगमनेर तर आमच्या मधल्या रस्त्यावरच लागणार. पुसेगावच्या मैदानात जे आपोआप होत होतं ते आता असं फिरून फिरून पुन्हा जवळ यायला लागलंय. तिकीट लावून का होईना. भक्तीला तिकीट लावावं का, यावर ह्यांनी अर्धा तास भाषण केलं. सासूबाई म्हणाल्या, “यात्रेत बहुरूप्याला पैसे देत होतोच की.”

मग वार. याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही आणि निम्मी सुट्टी तिथे फुकट जाते. इमॅजिकाला शनिवार-रविवार टाळायचा, शिर्डीला गुरुवार. गुरुवारी पालखी निघते, गर्दीला अंत नसतो. मी रविवारी निघून सोमवारी इमॅजिका, मंगळवारी मधला रस्ता, बुधवारी शिर्डी, गुरुवारी परत असं बसवलं आणि स्वतःवरच खूश झाले. सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, “गुरुवारी परत? अगं, गुरुवार सोडून शिर्डीला जायचं कशाला?” बराच वेळ तह चालला. बुधवारी सकाळी ज्येष्ठांच्या सोयीने नीट दर्शन (आधार कार्ड विसरायचं नाही), २०२३मध्ये झालेल्या नव्या दर्शनरांग संकुलामुळे बाकीच्यांचीही उन्हातली रांग टळते. आणि गुरुवारी पहाटे नुसतं मुखदर्शन घेऊन, गर्दी जमायच्या आत गाडीत. गुरुवार लागला म्हणजे झालं.

शिर्डी आधी का नाही, असं आईने विचारलं. देव आधी, हे तिचं म्हणणं रीतीला धरून होतं. पण तीनशे किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या गुडघ्यांनी दुसऱ्याच दिवशी देवळात उभं राहायचं, आणि मुलांनी चार दिवस “इमॅजिका कधी” म्हणून डोकं खायचं, यापेक्षा उलटं बरं. मुलं एकदा दमली की देवळात शांत उभी राहतात, हा माझा अनुभव आहे. परतीला मी पुण्याचा रस्ताच धरला नाही. अहिल्यानगर, दौंड, बारामती करत फलटणला यायचं. तिथून आम्ही साताऱ्याच्या एस.टी.त बसणार आणि गाडी दहिवडी, विट्यावरून सांगलीला जाणार. सांगलीकरांचा वळसा वाचतो. फलटणच्या स्टँडवर नऊ माणसांच्या सामानातून पाच माणसांचं सामान वेगळं काढायचं, एवढं एक संकट आहे. त्यासाठी साताऱ्याच्या पिशव्यांना लाल रिबीन बांधायचं धाकटीने स्वतःहून अंगावर घेतलंय.

भडंग सांगलीहून, कंदी पेढे साताऱ्याहून. पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेता येत नाही, तेव्हा ते गाडीपुरतं. धाकटीची उंची दाराच्या चौकटीला पेन्सिलने मोजून झाली. मोठ्या राइडना उंचीची अट असते, आणि रांगेच्या टोकाशी जाऊन रडारड होण्यापेक्षा ती घरी झालेली बरी. झालीच.

शेवटी राहिली इमॅजिकाची तिकिटं. दादाने फोनवर हिशोब सांगितला, “सात. विहीणबाई आणि आई खोलीवर थांबतील. कशातच बसायचं नाही तर पूर्ण तिकीट कशाला घालवायचं?” हिशोबाने त्याचं बरोबर होतं. फोन स्पीकरवर होता. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, पेन्शनची पर्स घेऊन आल्या आणि पाचशेच्या नोटा माझ्यापुढे मोजायला लागल्या.

“माझं मी काढते. मला त्या पाळण्यात बसायचं नाही. पण थोरला त्यात बसला की त्याचं तोंड कसं होतं ते मला बघायचंय. पुसेगावला माझ्या वडलांनी मला पाळण्यात बसवलं आणि स्वतः खाली उभे राहिले होते. बसणाऱ्याला खालचं काही दिसत नाही. खालच्याला सगळं दिसतं.”

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग आईचा आला, दादाच्या हातातून फोन घेऊन, “विहीणबाई, तिथे चाकाची खुर्ची मिळते का ते विचारून ठेवायला सांगा. आणि माझंही काढा.”

चाकाच्या खुर्चीची चौकशी करायचं माझ्याकडे आलंय. तिकिटं नऊ काढली.