सीपॅप आणि थकलेले हृदय

सीपॅप यंत्राची रचना साधी आहे. आतला छोटा पंखा खोलीतली हवा ओढतो, ती नळीतून चेहऱ्यावर घट्ट बसवलेल्या मास्कमध्ये जाते आणि श्वास घेताना-सोडताना श्वासमार्गात एकसारखा दाब टिकून राहतो. हृदयरोग्यांसाठी तो बहुधा ५ ते १० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका ठेवतात. बायपॅपमध्ये दाब दोन असतात: श्वास घेताना जास्त, सोडताना कमी. कोविडच्या साथीत ही नावे घरोघरी पोहोचली ती फुप्फुसांच्या आजारामुळे. हृदयाशी मात्र या उपचाराचे नाते त्याहून कितीतरी जुने आहे.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील डॉ. ई. पी. पोल्टन यांनी १९३६ साली ‘लॅन्सेट’मध्ये अशाच एका यंत्राची माहिती दिली. व्हॅक्युम क्लीनरच्या मोटरवर चालणारे ते यंत्र डावे हृदय निकामी होऊन फुप्फुसात पाणी साचलेल्या रुग्णांसाठी होते.

असा रुग्ण आडवा होऊ शकत नाही. पलंगाच्या कडेला पाय सोडून, दोन्ही हात टेकून तो बसलेला असतो. अंग घामाने भिजलेले, एक वाक्यही एका दमात पुरे होत नाही, कधी खोकल्यातून गुलाबी फेस येतो. डाव्या जवनिकेला आलेले रक्त पुढे ढकलता येत नाही, म्हणून मागे फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी झिरपून वायुकोशांत उतरते. मास्कमधला दाब मिटू लागलेले वायुकोश उघडे धरतो, त्यामुळे रक्ताला प्राणवायू मिळतो आणि श्वास ओढण्याचे कष्ट कमी होतात. छातीतला दाब वाढल्याने शिरांमधून हृदयाकडे परतणारे रक्तही थोडे घटते, आणि तुडुंब भरलेल्या हृदयाला नेमके तेच हवे असते. तिसरा परिणाम सहज लक्षात येत नाही. ताठर झालेल्या फुप्फुसांत हवा ओढताना छातीत तीव्र ऋण दाब तयार होतो आणि आकुंचन पावताना जवनिकेला त्या ओढीविरुद्धही काम करावे लागते. बाहेरून दिलेल्या दाबाने हा जादा भार उतरतो.

ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ३९ रुग्णांच्या चाचणीत नुसता प्राणवायू दिलेल्या २० जणांपैकी ७ जणांच्या श्वासनलिकेत नळी घालावी लागली. सीपॅपवरच्या १९ जणांपैकी एकालाही नाही. ब्रिटनमधील १,०६९ रुग्णांच्या २००८ च्या चाचणीत धाप लवकर उतरली, मात्र सात दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण घटले नाही. तरीही गुदमरणाऱ्या माणसाला तासाभरात मिळणारा आराम ही मोठीच गोष्ट आहे. अर्थात रक्तदाब खूप खाली असेल, शुद्ध हरपली असेल किंवा उलट्या होत असतील तर मास्क धोक्याचा ठरतो. परतणारे रक्त आणखी घटले तर रक्तदाब कोसळू शकतो.

दीर्घकाळच्या हृदयरोगात प्रश्न रात्रीचा असतो. काहींचा घसा झोपेत मिटतो. त्यासाठी सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये नाकावाटे सीपॅप देण्याची पद्धत मांडली. काहींचा घसा उघडाच असतो, पण मेंदूकडून श्वासाचा आदेशच येत नाही. श्वास हळूहळू खोल होत जातो, मग उथळ होतो, पूर्ण थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. जॉन चेन आणि विल्यम स्टोक्स या डब्लिनच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवलेले हे चक्र दुबळ्या हृदयाची खूण मानले जाते.

ते मोडले की आयुष्य वाढेल, ही आशा स्वाभाविक होती. कॅनडातील २५८ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये आले: सीपॅपने श्वास थांबण्याचे प्रमाण घटले, प्राणवायूची पातळी आणि हृदयाची आकुंचनक्षमता थोडी सुधारली, पण आयुष्य वाढले नाही. पुढे प्रत्येक श्वासागणिक दाब बदलणारे एएसव्ही यंत्र आले. ते हे चक्र जवळजवळ पुसून टाकत असे. २०१५ च्या ‘सर्व्ह-एचएफ’ चाचणीत मात्र १,३२५ रुग्णांमध्ये यंत्र वापरणाऱ्या गटात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचा धोका ३४ टक्क्यांनी जास्त आढळला. कारण अजून वादातच आहे. दाबामुळे दुबळ्या हृदयातून बाहेर पडणारे रक्त घटले असावे, असे काहींचे म्हणणे आहे. ते चक्र ही शरीराने स्वतः केलेली तडजोड होती आणि ती मोडल्याने नुकसान झाले, असे इतरांना वाटते. झोपेच्या तपासणीचा सुधारलेला आलेख पाहून रुग्ण बरा होतो आहे असे मानणे किती धोक्याचे, हे या चाचणीइतके ठळकपणे क्वचितच दिसले असेल.

म्हणून हृदयाची आकुंचनक्षमता ४५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या आणि मुख्यतः मेंदूकडूनच श्वास थांबणाऱ्या रुग्णांना एएसव्ही देणे टाळले जाते. घसा मिटून श्वास अडणाऱ्यांना सीपॅप दिला जातो. त्याने दिवसाची झोपाळू गुंगी कमी होते, रक्तदाबही थोडा उतरतो. दोन्ही प्रकार वरवर सारखे दिसतात, त्यामुळे यंत्र आणण्याआधी रात्रभराची झोपेची तपासणी आणि हृदयाची टूडी-इको करून घ्यावी लागते. हृदयाची औषधे कोणतेही यंत्र लावले तरी चालूच ठेवायची असतात.