कॉलेज बघायचे, पण केव्हा?

बारावीचा निकाल लागला की आमच्या अमरावतीत पालकांची कॉलेजयात्रा सुरू होते. पुढे डोक्याला रुमाल गुंडाळलेले वडील, मागे फाइल सांभाळणारी मुलगी. मी मराठीचा प्राध्यापक. त्या दिवसांत प्रवेशाच्या टेबलाशी बसतो. येईल त्याला माठातले पाणी द्यायचे आणि कॉलेजचे गुण गायचे! मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात घरचे जसे बोलतात, तसेच मी बोलतो. ते खोटे नसते. पण पुरते खरेही नसते.

इतके ठाऊक असून मीच फसलो. दोन वर्षांपूर्वी थोरल्या लेकीसाठी ऐन मे महिन्यात एक कॉलेज पाहिले. नाव सांगत नाही. फाटकाला ताजा रंग, कचेरीत गोड बोलणे, ग्रंथालयाला कुलूप. “सुटी आहे ना!” मला पटले. रखवालदार मात्र म्हणाला, “सायेब, आता कायले आले? पोट्टे आले का मंग या. कालेज म्हंजे का भिताडं असते?” मी हसलो आणि फी भरली. कुलूप एरवीही बहुधा असतेच, हे दिवाळीला लेक घरी आली तेव्हा कळले. तेही मी खोदून विचारल्यावर. तिने तक्रार केली नाही, हेच मला अधिक लागले.

धाकट्याच्या वेळी शहाणा झालो. त्याला शेतकी शिकायची हौस. गेल्या वर्षी, तो अकरावीत असतानाच, पावसाळा सरताना त्याला अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नेले. १९६९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात शेतकऱ्यांसाठी ‘शिवार फेरी’ भरते. उभी पिके पाहायला गावोगावची माणसे येतात. मे महिन्यात भेगाळलेली काळी भुई तेवढी दिसली असती. आता कपाशी बोंडांवर होती आणि चिखलाच्या बुटांतली एक विद्यार्थिनी आमच्या चिरंजीवांना गुलाबी बोंडअळी समजावून देत होती. तासभर तो जागचा हलला नाही. माझे काम झाले!

अमरावतीचे विदर्भ महाविद्यालय १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झाले. त्याची जुनी वास्तू भर उन्हाळ्यातही नजरेत भरते. पण वास्तू तास घेत नाही.

म्हणून सांगतो, एक वर्ष आधी जा. ऑगस्टपासून दिवाळीच्या सुटीपर्यंत, परीक्षा नसताना, आठवड्याच्या मधल्या दिवशी अकरा वाजता. स्नेहसंमेलन टाळा, त्या दिवशी सगळीच कॉलेजे सुंदर दिसतात. ग्रंथालयातली डोकी मोजा. कँटीनमध्ये चहा घ्या आणि शेजारच्या मुलाला विचारा, काल किती तास झाले? परतीची शेवटची एस. टी. कधी, तेही पाहून ठेवा.

यंदा मे महिन्यात मी ग्रंथालयाची किल्ली मागून घेतली. येईल त्याला आधी तिकडे नेले, देवघेवीचे रजिस्टर उघडून दाखवले. दोन पालक ते पाहून परत गेले.

मला वाईट वाटले नाही.